आधी लघवीचे विचारा

मंडळी, आजचा विषय चारचौघांत बोलण्याचा नाही, हे आधीच सांगून टाकतो. जेवता जेवता वाचणाऱ्यांनी हात धुऊन मग वाचायला बसावे.

आमच्या लहानपणी घरात तो शब्दसुद्धा कोणी उच्चारत नसे. आम्ही करंगळी वर करायचो, की मोठी माणसे समजून घ्यायची. पुढे मी ३६ वर्षे मास्तरकी केली, त्यातली बरीचशी दर्यापूर तालुक्यातल्या एका खेड्यात, आणि तिथे पोरे माझ्यापुढे करंगळी वर करू लागली. एवढ्या नोकरीत त्या विषयावर मी बोललेले वाक्य एकच. "तास संपल्यावर जा." या वाक्याची आज मला लाज वाटते. का वाटते, ते पुढे येईलच.

२०१९ च्या एप्रिलमध्ये माझ्या आतड्याची मोठी शस्त्रक्रिया झाली. गुदाशयात गाठ होती. लेक आणि जावईबापू अकोल्याला असतात, म्हणून तिथेच करायचे ठरले. रुग्णालयाचे नाव लिहीत नाही. एकतर शस्त्रक्रिया अगदी चोख झाली, सर्जनसाहेबांचे उपकार मी विसरणार नाही. दुसरे म्हणजे पुढे जे घडले ते कोणत्याही शहरात, कोणत्याही दवाखान्यात घडू शकले असते. गाठ काढून आतड्याची दोन टोके जोडली. तो सांधा नीट जुळेपर्यंत मळ तिकडे जाऊ नये म्हणून लहान आतड्याचा एक पदर पोटावर बाहेर आणून ठेवला आणि त्यावर पिशवी लावली. तीन-चार महिन्यांनी ते आतडे परत आत ढकलायचे, असा बेत होता.

भेटायला येणारे लोक काय विचारायचे बघा. "वारा सरला का?" "पिशवीत आले का काही?" आतड्याच्या माणसाला आतड्याचेच विचारणार, त्यात त्यांचे काय चुकले! सर्जन विचारत, सिस्टर विचारत, आमचे साडू तर मूर्तिजापूरहून फोन करून विचारत. लघवीचे कोणीच विचारत नव्हते. आणि माझी पहिली फजिती नेमकी तिथेच झाली.

तिसऱ्या दिवशी लघवीची नळी काढली. संध्याकाळपर्यंत थेंब नाही. ओटीपोट फुगून दगड झालेले, वर टाके ओढताहेत, घाम फुटलेला. वॉर्डबॉयने मोरीतला नळ सोडून ठेवला. पाण्याचा आवाज ऐकून लघवी सुटते म्हणतात. मला नुसते रडू सुटले. रात्री अकराला पुन्हा नळी घातली तेव्हा ९०० मिलीलिटर निघाली. मूत्राशय भरल्याची जाणीव साधारण ३००-४०० ला व्हायला लागते, यावरून काय ते समजा.

नंतर समजले ते असे. मूत्राशयाला 'आता आवळ' आणि 'आता सोड' असा हुकूम देणाऱ्या बारीक नसा गुदाशयाच्या अगदी दोन्ही अंगांनी जातात. तिथे शस्त्रक्रिया केली की, कितीही जपले तरी, त्या काही दिवस बधिर होतात. क्वचित कायमच्या दुखावतात. त्यात भूल, दुखणे थांबवणारी औषधे आणि सत्तरीतल्या पुरुषाची फुगलेली प्रोस्टेट ग्रंथी. म्हणजे दार आतूनही अडकलेले आणि बाहेरूनही. बहुतेकांचे हे आपोआप ठीक होते. माझेही आठ दिवसांत झाले, मधे नळीमुळे जंतुसंसर्ग होऊन दोन दिवस थंडी वाजून ताप आला, तेवढाच. पण शस्त्रक्रियेच्या आधी कोणी "तुम्हाला रात्री किती वेळा उठावे लागते? धार बारीक झाली आहे का?" असे दोन प्रश्न विचारले असते, तर माझी ती रात्र कदाचित टळली असती. मी स्वतःहून का सांगितले नाही? अहो, करंगळीची सवय!

खरी गोष्ट यापुढे आहे.

दहाव्या दिवशी सुटी झाली. चार दिवस लेकीकडे राहून आम्ही अमरावतीला परतलो. मूर्तिजापूर-बडनेऱ्यावरून गाडीने दोन तासांचा रस्ता. एप्रिलची अखेर आणि अकोल्याचे ऊन म्हणजे काय ते वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. पारा ४५ च्या वर. वाटेतच पिशवी दोनदा भरली. घरी आल्यावर दिवसातून सात-आठ वेळा भरू लागली. नुसते पाणी. तोंडाला कोरड पडायची म्हणून मी माठातले पाणी प्यायचो, की अर्ध्या तासात पिशवी पुन्हा टम्म. दवाखान्याच्या कागदावर लिहिलेलेच होते, भरपूर द्रवपदार्थ घ्या. तेही इंग्रजीत, दोन शब्दांत. मी आज्ञाधारक विद्यार्थ्यासारखा पीत होतो.

आता घरच्या तीन गोष्टी सांगतो, तिन्ही चांगल्या हेतूने झालेल्या. मला २० वर्षांपासून रक्तदाब. त्यामुळे आमच्या घरात माझी भाजी वेगळी, अळणी. सौ.ने ते व्रत आताही मोडले नाही. रक्तदाबाची गोळीही चुकली नाही, आणि तिच्यात लघवी वाढवण्याचे औषध मिसळलेले होते. तिसरे म्हणजे गाडीत बसून गुडघे धरले, म्हणून कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणल्या. सकाळ-संध्याकाळ एकेक.

पाच-सहा दिवसांत लघवी कमी झाली. रंग कडक चहासारखा, आणि जळजळ. घरातल्या सगळ्यांचे एकमत झाले, उन्हाळी लागली! वऱ्हाडात मे महिन्यात लघवीची जळजळ झाली की तिला दुसरे नावच नाही. धने-जिऱ्याचे पाणी झाले, सब्जा झाला. शेजारच्या काकू रोज नारळपाणी पाठवू लागल्या. उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येई, रात्री पोटऱ्यांत गोळे येत. अशक्तपणा आहे, असे मी म्हणायचो.

नवव्या दिवशी दुपारी सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, तुम्ही सकाळपासून मोरीकडे गेलाच नाहीत." मी म्हणालो, "उन्हाळीच आहे गं." ती म्हणाली, "उन्हाळीत माणूस सारखा जातो. तुम्ही तर जातच नाही." माझी बायको सातवी शिकलेली आहे, मी बी.ए. बी.एड. आहे. असो.

त्याच संध्याकाळी इथल्या एका दवाखान्यात भरती झालो. क्रिएटिनीन ५.२. अकोल्याहून निघताना ते १.१ होते. रक्तातले सोडियम फार उतरलेले आणि पोटॅशियम ६ च्या वर. पोटॅशियम तिथपर्यंत गेले की हृदयाचा ठेका केव्हा चुकेल याचा नेम नसतो. आणि नारळपाण्यात पोटॅशियमच भरपूर असते! काकूंना हे मी आजवर सांगितलेले नाही.

तिथला तरुण डॉक्टर फार गुणी होता. रात्री राउंड झाल्यावर माझ्या पलंगाशी स्टूल ओढून बसला आणि मला शिकवले. मास्तरला शिकवायला धीर लागतो! तो म्हणाला, "काका, लहान आतडे रोज दीड-दोन लिटर पाणी मोठ्या आतड्याच्या हवाली करते. मोठे आतडे त्यातले बहुतेक परत शोषून रक्तात पाठवते. तुमचे मोठे आतडे सध्या वापरातच नाही. म्हणजे धरणाच्या आधीच पाट फोडला आहे, सगळे वाहून जाते. आणि पाणी एकटे जात नाही, मीठ घेऊन जाते. तुम्ही नुसते पाणी प्यालात, की आतडे ते समतोल करायला अंगातले मीठ आत ओढून आणते आणि ते मीठही पिशवीत जाते. जेवढे नुसते पाणी प्याल तेवढे कोरडे व्हाल."

मी म्हणालो, मग प्यायचे काय? तो म्हणाला, जलसंजीवनी.

आता हा शब्द मी फळ्यावर शेकडो वेळा लिहिलेला. एक लिटर पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. हगवणीच्या पोरांसाठी. साखर कशाला, तर चवीला, अशी माझी आपली समजूत होती आणि ३६ वर्षे पोरांनाही मी तेच सांगितले. खरे असे की आतड्याच्या भिंतीत मिठाला आत घेणारी जी दारे असतात, त्यांतली महत्त्वाची दारे साखरेबरोबरच उघडतात. ग्लुकोजचा एक कण आणि सोडियम जोडीने आत शिरतात, पाणी त्यांच्यामागे जाते. रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने हे १९६० मध्ये मांडले. आणि १९७१ मध्ये बांगलादेशाच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली, सलाईनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपांत कालवून लोकांना पाजले. जिथे शेकडा तीस माणसे मरत होती, तिथे ते प्रमाण चारच्या खाली आले. हे डॉक्टर २०२२ मध्ये गेले. मला वाटते, पाठ्यपुस्तकात लढायांच्या सनावळ्यांइतकी जागा या पिंपांनाही मिळायला हवी होती.

माझ्या अंगात मीठ नाही, पाणी नाही. त्यात रक्तदाबाच्या गोळीने उरलेसुरले लघवीवाटे घालवलेले, आणि दुखण्याच्या गोळीने मूत्रपिंडाकडे जाणारा रक्ताचा ओघ आखडलेला. एरवी या गोळ्या ज्याच्या त्याला उपयोगीच आहेत, पण अंग कोरडे पडलेले असताना त्या तिघी मिळून मूत्रपिंड बसवतात. नशीब असे की ते बसले होते, मेले नव्हते. सलाईन चढले, गोळ्या थांबल्या, पिशवी घट्ट करायचे औषध सुरू झाले आणि सहाव्या दिवशी क्रिएटिनीन १.५ वर आले. डायलिसिसची वेळ आली नाही.

आणखी एक गोष्ट त्याने सांगितली, ती कान देऊन ऐका. अकोल्याच्या कागदावर १.१ पाहून आम्ही सगळे खूश होतो. 'नॉर्मल' असे छापलेलेच होते. पण क्रिएटिनीन स्नायूंतून तयार होते. धष्टपुष्ट पहिलवानाचे १.१ आणि आजारपणात ४८ किलोवर आलेल्या सत्तर वर्षांच्या मास्तरचे १.१ एकच नव्हे. स्नायूच उरले नसतील तर मूत्रपिंड थकलेले असूनही आकडा साजरा दिसतो. म्हणून वय धरून मूत्रपिंडाची चाळणी किती चालते ते काढतात, आणि अंग फारच झडले असेल तर तोही हिशेब सावधपणे वाचावा लागतो. प्रयोगशाळेच्या कागदावर 'नॉर्मल' कोणासाठी, हा प्रश्न विचारायला आपण शिकले पाहिजे.

माझे मत सांगायचे तर सर्जनचे हात चुकले नाहीत, चुकला तो घरी जाताना दिलेला कागद. लाखभर रुपयांची शस्त्रक्रिया आणि निरोपाचा कागद दोन ओळींचा, तोही माझ्या बायकोला न वाचता येणाऱ्या भाषेत. त्यावर मराठीत एवढे असते तर पुरले असते की, पिशवीतले आणि लघवीचे रोज मोजून मांडा, पिशवी दिवसाला दीड लिटरच्या वर गेली किंवा लघवी अर्ध्या लिटरच्या खाली आली तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता फोन करा, नुसते पाणी ढोसू नका, रक्तदाबाच्या आणि दुखण्याच्या गोळ्यांबद्दल विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका, आणि आठवड्याने रक्त तपासून घ्या. त्याला पाच मिनिटे आणि प्लॅस्टिकचे एक मापाचे भांडे लागते. ते भांडे बाजारात ५० रुपयांच्या आत मिळते. (मिठाचे मात्र माझे पाहून कोणी ठरवू नये. हृदय कमजोर असलेल्याला तेच मीठ जड जाईल. आपल्या डॉक्टरलाच विचारावे.)

कोणी म्हणेल, डॉक्टरांना वेळ कुठे आहे? खरे आहे. पण वॉर्डात सिस्टर आहेत, औषधे देणारा मुलगा आहे, बिल करणारा आहे. माझ्या बिलात कापसाच्या बोळ्यांचीसुद्धा नोंद होती. ज्याची नोंद होते ते मोजले जाते, आणि घरी गेलेल्या म्हाताऱ्याची लघवी कोणाच्याच वहीत नसते.

त्या दवाखान्यात शेवटच्या दोन दिवसांत मला फिरायला सांगितले होते. व्हरांड्याच्या टोकाला डायलिसिसची खोली. आमच्या पिढीने हा शब्द पहिल्यांदा ऐकला तो जयप्रकाशजींमुळे. आणीबाणीत अटकेत असताना त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि पुढे १९७९ मध्ये जाईपर्यंत ते त्या यंत्रावरच होते, मुंबईच्या जसलोक रुग्णालयाचे नाव तेव्हा रोज पेपरात यायचे. तेव्हा ते दिल्ली-मुंबईचे दुखणे वाटायचे. आता अमरावतीत, अकोल्यात, तालुक्याच्या गावीसुद्धा खाटा लागल्या आहेत, सरकारी योजनेतून फुकट होते, हे फार मोठे काम झाले. पण त्या खाटांवर कोण झोपले आहे ते पाहावे.

मी डोकावलो, तर आतून हाक आली, "गुर्जी!"

माझा १९८३ च्या सातवीतला विद्यार्थी. नाव लिहीत नाही. काळा पडलेला, हातात दोन जाड सुया. म्हणाला, "तुमी काहून इथं? मले तं दोन वर्सं झाले येऊन राह्यलो. मंगयवार अन् शुक्करवार." दर्यापूरहून पहाटेची एस.टी. धरायची, चार तास यंत्राला लागायचे आणि संध्याकाळी परत.

त्याचीही सुरुवात आतड्यापासूनच होती. १९९६ मध्ये आतड्याचा क्षय झाला. लहान आतड्याचा शेवटचा बराच मोठा भाग आणि मोठ्याचा थोडा, असा काढून टाकला. क्षय बरा झाला. माणूस वाचला. मग तीनेक वर्षांनी मुतखडे सुरू झाले. एक पडला की दुसरा. कुळथाचे कढण, पानफुटीची पाने, कोणी सांगितले म्हणून बिअर, आणि दुखले की मेडिकलची गोळी. पोट कायम बिघडलेले. भांडे घासल्यावर तेलकट राहावे तसा मळ, पाण्याने जात नसे. खड्याचा आणि त्या तेलकटपणाचा काही संबंध असेल असे त्याच्या स्वप्नातही आले नाही.

संबंध होता. आपण खातो त्या पालकात, चुक्यात, अळूत, शेंगदाण्यात, तिळात, चहात ऑक्झलेट नावाचे एक आम्ल असते. धडधाकट माणसाच्या आतड्यात ते अन्नातल्या कॅल्शियमशी गाठ बांधते आणि मळाबरोबर निघून जाते. लहान आतड्याचा शेवटचा भाग गेला की चरबी पचत नाही. ती न पचलेली चरबी कॅल्शियम धरून ठेवते, साबण होतो तसे. ऑक्झलेट मोकळे राहते, मोठे आतडे ते शोषून घेते, ते मूत्रपिंडात उतरते आणि तिथे त्याची कॅल्शियमशी गाठ पडून खडा होतो. म्हणजे अशा रुग्णाने जेवणाबरोबर दूध-दही घ्यायला हवे. आणि त्याला गावात काय सांगितले? खडा चुन्याचा असतो, दूध बंद कर! पंधरा वर्षे त्याने दुधाला हात लावला नाही आणि शेतातला चुका मात्र आवडीने खाल्ला.

"खडे होतीन असं कोनी सांगतलंच नाई नं गुर्जी," तो म्हणाला. "आतडं काहाडनारे आतड्याचे डाक्टर. खडे काहाडनारे खड्याचे डाक्टर. मधात मी एकटाच होतो."

हे वाक्य मी त्याच दिवशी वहीत लिहून ठेवले. एवढे नेमके वाक्य मला कोणत्याही निबंधात सापडले नव्हते.

आणि त्याचे गाव खारपाणपट्ट्यातले. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. पूर्णा नदी सातपुड्यातून उतरून पश्चिमेला तापीला मिळायला जाते, तिच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांत हा पट्टा पसरलेला आहे. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, शेगाव, संग्रामपूर या तालुक्यांतली शेकडो गावे त्यात येतात. काळीभोर, खोल गाळाची जमीन, वरून पाहिले तर सोन्यासारखी. खाली विहीर खणली की पाणी खारट. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत आणि दुसरा इलाजच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घ्यावेत, असे भारतीय मानक सांगते. या पट्ट्यातल्या कितीतरी विहिरी आणि बोअर त्याच्या पलीकडे आहेत. या गावांत मूत्रपिंडाचे रोगी फार, ही ओरड मी नोकरीला लागलो तेव्हापासून ऐकतो आहे. वान आणि शहानूर धरणांतून गोड्या पाण्याच्या नळयोजना आल्या, त्याने पुष्कळ फरक पडला, पण नळ आठवड्याने-पंधरवड्याने येतो तिथे मधल्या दिवसांत बोअरच.

सगळे खापर खाऱ्या पाण्यावर फोडणेही सोपे आहे. ऊन आहे, दुखण्याच्या गोळ्या आहेत, साखर आणि रक्तदाब आहे, शेतातली फवारणी आहे. पण खाऱ्या पाण्याची एक बाजू मी डोळ्यांनी पाहिलेली आहे. तिथे माणूस पाणी कमी पितो. गोडे पाणी दुरून आणलेले, म्हणून मोजून प्यायचे. खारे गिळवत नाही, म्हणून टाळायचे. वैशाखात दिवसभर शेतात राबून एक तांब्या. ज्याचे आतडे कापलेले आहे, ज्याच्या अंगातून पाणी आधीच जास्त जाते आहे, त्याला शस्त्रक्रियेनंतर परत पाठवायचे ते अशा गावात, आणि कागदावर लिहायचे, भरपूर द्रवपदार्थ घ्या. कोणते? कुठले? घरी नळ आहे का, केव्हा येतो, हा प्रश्न दवाखान्यात केस लिहिताना विचारला गेला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. जात लिहून घेतात, धर्म लिहून घेतात, मग पाणी का नाही?

आणि इथे मला माझे ते वाक्य आठवते. आमच्या त्या शाळेत कित्येक वर्षे पोरींसाठी मुतारी नव्हती. मुलांचे भिंतीआड भागायचे. पोरी सकाळी घरून निघताना पाणीच पीत नसत, म्हणजे वर्गात करंगळी वर करायची वेळ येणार नाही. तरी एखादीने केलीच, तर मी होतोच. तास संपल्यावर जा. आज त्या पोरी पन्नाशी-साठीच्या बाया आहेत. त्यांतल्या कोणाला काय झाले, मला माहीत नाही. विचारायचे धाडस झालेले नाही.

माझी पिशवी सप्टेंबरमध्ये बंद झाली. तेव्हा भरती होताना मी स्वतःच सांगितले, "साहेब, आधी लघवीचे विचारा." ते हसले. पण विचारले, आणि या वेळी प्रोस्टेटची गोळी आधीपासून सुरू केली. नळी काढल्यावर चार तासांत मोकळा झालो. अख्ख्या वॉर्डाला चहा पाजावा असे वाटले. घरी जाताना मी माझा मराठी कागद सिस्टरना दाखवला. त्यांनी फोनमध्ये त्याचा फोटो काढून घेतला. पुढे काय झाले ठाऊक नाही.

मापाचे भांडे मोरीत अजून आहे. रोज मोजायची आता गरज नाही, असे डॉक्टर म्हणतात. क्रिएटिनीन १.३ वर स्थिरावले आहे, म्हणजे माझ्या वयाला साधारण. तरी उन्हाळ्यात मोजतो आणि वहीत लिहितो. सौ. म्हणते, मास्तरांना हजेरीपट लागतोच.

तो विद्यार्थी अजून मंगळवार-शुक्रवार येतो. एस.टी. लवकर मिळाली तर घरी डोकावतो. त्याला दिवसाला किती पाणी चालते ते ठरलेले आहे, त्यामुळे सौ. त्याला चहा अर्धा कपच देते, तोही विचारून. तो गावी असला की संध्याकाळी सातच्या सुमारास त्याचा फोन येतो. परवा आला तो असाच. "गुर्जी, आज माही दोनशे. तुमची?"

माझी त्या दिवशी सोळाशे होती. मी म्हणालो, "बरी आहे रे."